कुऱ्हाडीची पैज

सतरा मेचा, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाचा, झेंडा चढण्याआधी पुढच्या हिवाळ्याचं सरपण आधी कोण फोडून रचतं, ही सिगुर्द आणि शेजारच्या ओडवारची जुनी पैज. फोडायचं ते फक्त कुऱ्हाडीनं. ओडवार कोठाराचं दार लावून फोडायचा, दरवर्षी जिंकायचा आणि वर हिणवायचा, "मशीन लागलं की माणूस संपला, बाबा!"

यंदा सिगुर्दचा खांदा पार कामातून गेला. चोरासारखा तो दुकानात शिरला.

"लाकडं फोडायचं मशीन दाखव. पण ओडवारला कळता कामा नये. तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला."

दुकानदार हसला.



"मग पेट्रोलचं नको, काका, गावभर ऐकू जातं. विजेचं न्या. ओडवारकाकांकडे बारा वर्षं चालतंय, तुम्हाला आलं कधी ऐकू?"