तांबडा ठिपका

हेमांगीच्या काखेतली गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ती हाताने चाचपली. त्याआधी त्यांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. बारशाला प्रत्येकाच्या मनगटात बसवतात तो कर्करोगाचा धोका सांगणारा ठिपका तिचा हिरवा होता, आणि हिरव्यांना कुणी तपासत नसे. हेमांगीलाही ते पटलं होतं.

"हिरवा म्हणजे धोका कमी, ताई. धोकाच नाही असं नव्हे," असं धाकटी वृंदा परोपरीने सांगत राहिली होती. वृंदाचा ठिपका तांबडा होता. त्यापायी तिचं लग्नही जमलं नव्हतं.

आता हेमांगीने अंथरूण धरलं होतं. नवरा आधीच वारलेला. तिची लहानगी इरा मावशीच्याच हातून जेवायची, तिच्याच कुशीत झोपायची.

"इराला मी सांभाळीन," वृंदा म्हणाली.

"नको. तिला माझे दीर नेतील."

"अगं, ती त्यांना धड ओळखतसुद्धा नाही!"

"पण ते हिरवे आहेत. तुला आज ना उद्या होणारच. पोरीने हे सगळं पुन्हा बघायचं का?"

"हिरवी असून तुला झालंच ना, ताई?"

"माझं नशीब फुटकं. तुझं तर ठरलेलंच आहे." हेमांगीने मायेने तिच्या गालावरून हात फिरवला. "स्वतःला जप गं."

तेराव्यानंतर दीर आले. इरा मावशीच्या कमरेला मिठी मारून रडत होती. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

वृंदाला कर्करोग झालाच नाही. ती खूप म्हातारी होऊन, रिकाम्या घरात, झोपेतच गेली.