बिनघोर

हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून नागसेन भीतीनं डोळा मिटत नव्हता. झोपेतच जाईन, म्हणायचा. शेवटी मीनाबाई त्याला रिक्षानं राजारामपुरीत घेऊन आली आणि त्याला रिक्षातच बसवून एका घड्याळाच्या दुकानात शिरली.

"झोपंत काळीज थांबलं तर ह्ये ओरडतंय काय?"

"न्हाय मावशी. पावलं मोजतंय, झोप मोजतंय. सकाळी फोनवर सगळं दिसतंय की."

"सकाळी मलाबी दिसंलच की, लेकरा."

तरी तिनं ते घड्याळ घेतलं. रिक्षात येऊन नवऱ्याच्या मनगटावर बांधत म्हणाली, "अवो, आता बिनघोर झोपा. काय झालं तर ह्ये बोंब मारतंय. दुकानदारानंच सांगितलंय."

सायबर चौक यायच्या आत त्याची मान तिच्या खांद्यावर कलंडली आणि तो घोरू लागला. त्याच्या नाडीवर बोट ठेवून ती रिक्षावाल्याला हळूच म्हणाली, "दादा, घर आलं तरी थांबू नगा."