पिवळी ज्योत
भाड्यानं दिलेल्या घरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या जुन्या गॅस बॉयलरची ज्योत निळी असायला हवी होती; ती टोकाशी पिवळी होती. “एनिडमावशी, याचा विषारी वायू घरातच साठतोय,” वार्षिक तपासणीला आलेला गॅस मेकॅनिक डगी म्हणाला. “डोकं दुखतं, भास होतात, मग एक दिवस माणूस उठतच नाही. नवा बॉयलर अडीच हजार पौंडांना.” घरमालकीण एनिडनं दोन हिवाळे हे टाळलं होतं, पण पैशांपायी नव्हे. तिची आई याच घरात वारली होती. इथं आलं की जिन्यात आईचं गुणगुणणं ऐकू यायचं; घरातलं काही बदललं तर ते थांबेल, अशी तिला भीती होती. भाडेकरू मार्नीलाही ऐकू यायचं. “तेही भासच?” एनिडनं विचारलं. “जगलात तर भास, नाहीतर बोलावणं,” डगी म्हणाला. तेवढ्यात मार्नीची चिमुरडी पेंगत जिना उतरली. “जिन्यातली आजी म्हणते, माझ्याजवळ झोपायला ये.” वर गुणगुणणं सुरू झालं. एनिडनं वर पाहिलं नाही. “डगी, बॉयलर बदलून टाक.”