कानापर्यंतचे केस

डॉक्टरांनी दिलेल्या विजेच्या शॉकनी आईची उदासी गेली, पण जाताना लेकीची ओळखही घेऊन गेली. "आठवत बसू नकोस, नुसती डोळे मिटून बस. आत बसलेला देव सगळं जपून ठेवतो," मावशी आईला म्हणायची. म्हणून रोज सकाळी आई खुर्चीत बसे, लेक तिच्या पायाशी.

"तुम्ही कशाला खाली बसता, ताई?" आईनं आजही विचारलं आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं लेकीच्या केसांत बोटं फिरली. डोळ्यांत पाणी येईल इतकी घट्ट वेणी पडू लागली, शाळेत जाताना पडायची तशी.

तिनं समोरच्या आरशात पाहिलं. आईचे हात मांडीवर शांत होते. तिचे स्वतःचे केस तर कधीचेच कानापर्यंत कापलेले. तरी वेणी कमरेपर्यंत उतरत चालली होती.

ती वळणार, इतक्यात मिटल्या डोळ्यांनी आई म्हणाली, "मान सरळ ठेव, माकडे."