फोटोत नसलेला बाक

निवृत्त स्टेशनमास्तरांनी नोकरीतलं पहिलं स्टेशन टेबलावर हुबेहूब उभारलं होतं. जुन्या फोटोत नाही ते मॉडेलमध्येही नाही, असा त्यांचा खाक्या. एका सकाळी बघतात तर फलाटावर आगकाड्यांचा चिमुकला बाक! “हा आगाऊपणा कुणाचा?” “माझा,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. “अगं, त्या फलाटावर बाकच नव्हता!” “ते मला सांगताय? सातवा महिना होता मला, तरी तुमची ड्युटी संपेपर्यंत तिथे उन्हात ताटकळत उभी होते. बाक नव्हता हे माझ्या पायांना पक्कं ठाऊक आहे.” मास्तरांनी पुन्हा एकदा फोटो पाहिला. मग चिमट्याने बाक उचलला, खाली गोंद लावून पुन्हा तिथेच बसवला आणि हिरवा स्पंज कातरायला घेतला. “अहो, तिथे झाडही नव्हतं,” बायको म्हणाली. “माहितीये. पण ऊन होतं ना!”