कुठली बस?
लिव्हिंगस्टन शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मुटिंटा सकाळपासून त्या जपानी गाडीत दोष शोधत होती आणि एकही सापडत नव्हता. गाड्या तपासणं हा तिचा रोजचा धंदा, पण आजचं गिऱ्हाईक तिचे वडील होते. छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले बाबा पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेत होते. ब्रेक चोख होते, इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, कुठं गंजही नव्हता. “ताई, गाडी बघतेस की सून?” विकणारा वैतागला. परवा बाबांनी सगळा चहा कपाबाहेर ओतला होता, ते मुटिंटाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ‘गिअरबॉक्स गेलाय’ हे खोटं तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, “बाबा, पलीकडं ती निळी बस उभी आहे ना, तिचा नंबर वाचा बरं.” “एवढंच होय!” बाबा हसले. टोपी मागं सारून ते बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “कुठली बस, पोरी?” मुटिंटानं त्यांचा हात धरला. “गाडीत काही खोट नाही, बाबा.” त्यांनी हात सोडवून घेतला, चाचपडत चालकाशेजारच्या सीटचं दार उघडलं आणि आत बसले. “घेऊ या मग. चालव तू,” ते म्हणाले, “पण सावकाश. डोळ्यांचं तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. घर येईपर्यंत शब्द जुळवतो.”