माझ्यासमोर नको

गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून नागसेन पिंपरीच्या चौकात प्रेतासारखा पडला होता. कारखान्यांतल्या अपघातांत मेलेल्या कामगारांसाठी त्याने हा प्रयोग मांडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शेजारी बसायचं, मेलेल्यासाठी दोन शब्द बोलायचे. लोक फूल टाकायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे.

काळेवाडीच्या कस्तुराबाई मात्र आल्या त्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडून रडायलाच लागल्या. थांबेचनात.

संध्याकाळी नागसेनची सहकारी अंजली हळूच म्हणाली, "मावशी, प्रयोग संपला. उठू द्या आता त्याला."

"माझा पोरगा कंपनीतल्या आगीत गेला गं. घरी पेटी आली ती बंदच. तोंडसुद्धा बघू दिलं नाही." कस्तुराबाईंनी नागसेनच्या केसांवरून हात फिरवला. "मी त्या कोपऱ्यावरून वळले की मग उठव ह्याला. माझ्यासमोर नको."

त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथे थांबून त्यांनी मागे पाहिलं आणि धावत परत येऊन त्याचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

नागसेनने डोळे उघडले नाहीत.